डफ आणि दप्तर

लेथब्रिज हे कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातले एक शहर. तेथील विद्यापीठात 1 फेब्रुवारी 2023 रोजी एक व्याख्यान व्हायचे होते. वक्त्या होत्या फ्रान्सिस विडोसन. पूर्वी कॅल्गरीच्या माउंट रॉयल विद्यापीठात त्या अध्यापन करीत. विषय विद्येच्या क्षेत्रातील स्वातंत्र्याचा होता. पण विद्यार्थी खवळले ते विषयामुळे नव्हे. कॅनडातील आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवले जाई, त्या शाळांमुळे त्यांना एरवी न मिळणारे शिक्षण मिळाले, असे बाई पूर्वी म्हणून गेल्या होत्या. विद्यापीठाने प्रथम परवानगी दिली, आणि ऐन वेळी सभागृह नाकारले. बाई तरीही आल्या. मोकळ्या दालनात बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा शेकडो विद्यार्थी भोवती जमले, डफ वाजू लागले, गाणी सुरू झाली, आणि बाईंचे बोलणे त्यात बुडून गेले.

सणासुदीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. मी कादंबऱ्या लिहिते आणि शाळेत शिकवते; माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विद्यापीठाने कोणाला बोलू द्यावे याच्या व्याख्या करणे हे माझे काम नव्हे. परंतु हा वाद मुळात वाचनाचा आहे, असे मला वाटते. एखाद्याची साक्ष कशी वाचावी, आणि दप्तरातले कोरे पान कसे वाचावे, या दोन्ही बाबतींत विडोसनबाईंचा पक्ष लंगडा आहे, आणि तो कसा लंगडा आहे हे सांगायला पदवी लागत नाही.

थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. 1880 च्या दशकापासून 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत या शाळा चालल्या. पैसा सरकारचा, कारभार बहुतेक ठिकाणी चर्चचा. सुमारे दीड लाख मुले त्यांतून गेली. 1920 साली सक्तीचा कायदा झाला. 7 ते 15 वर्षांच्या मुलाला न पाठवणारे आईबाप शिक्षेला पात्र ठरले. मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषेत बोलले तर मार बसे. राहिले शिक्षण. कित्येक दशके मुले अर्धा दिवस वर्गात असत आणि उरलेला अर्धा दिवस शेतात, गोठ्यात, धुण्याच्या खोलीत राबत. शिक्षण मिळाले, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे. एका मास्तरणीला विचाराल तर अर्ध्या दिवसाच्या शाळेतून बाहेर पडतो तो गडी; विद्यार्थी क्वचितच.

विडोसनबाई आणि त्यांच्या मताची मंडळी वारंवार एक प्रश्न टाकतात: पुरावा कोठे आहे? प्रश्न योग्यच आहे. गंमत अशी, की त्याच्या उत्तरासाठी आदिवासींच्या दारी जावे लागत नाही; सरकारी दप्तर उघडले तरी पुरते. पीटर ब्राइस हे सरकारच्याच आदिवासी खात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. 1907 साली त्यांनी पश्चिमेकडच्या 35 शाळा पाहिल्या आणि मुख्याध्यापकांकडून माहिती मागवली. पंधरा शाळांनी उत्तर दिले. त्यांतील 1,537 मुलांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मेला होता. फाइल हिल्स नावाच्या एका शाळेचा हिशेब नेमका ठेवलेला होता. तेथे शाळा सोडून गेलेल्यांपैकी 69 टक्के मेले होते. कारण मुख्यतः क्षय; कोंदट, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत दाटीने निजवलेली मुले. ब्राइसने उपाय सुचवले. ते धूळ खात पडले. अखेर निवृत्तीनंतर, 1922 साली, त्याने एक पुस्तिका छापून ही हकीकत चव्हाट्यावर आणली आणि शीर्षकातच तिला राष्ट्रीय गुन्हा म्हटले.

आता ज्या अधिकाऱ्याने हे उपाय पुढे सरकू दिले नाहीत, त्याचे नाव ऐका. डंकन कॅम्बेल स्कॉट. 1913 ते 1932 आदिवासी खात्याची प्रत्यक्ष सूत्रे त्याच्या हाती होती. आणि हा गृहस्थ कवी होता! साधासुधा नव्हे, कॅनडाच्या काव्येतिहासात मानाने घेतले जाणारे नाव. ‘ओनोन्डागा मॅडोना’ या त्याच्या सुनीतात मूल कवटाळून उभी असलेली एक आदिवासी स्त्री आहे आणि तिचा वंश आता मावळत चालला आहे अशी हुरहूर आहे. सुनीत चांगले आहे, हेच त्यातले दुःख. कारण हाच कवी 1920 साली संसदेच्या समितीपुढे सांगतो, की समाजात विरघळून गेला नाही असा एकही आदिवासी उरेपर्यंत आमचे काम चालू राहील. वंश मावळतो म्हणून कवितेत उसासा, आणि तो मावळावा म्हणून कचेरीत हुकूम. आमच्याकडे कवीच्या कारुण्यावर टीकाकार फार लवकर भाळतात. कारुण्याचा धनी दिवसभर कोणत्या कागदावर सही करतो, हेही कधीतरी पाहावे.

याच स्कॉटने 1914 साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात लिहून ठेवले आहे, की या शाळांतून गेलेल्या मुलांपैकी निम्मी मुले शिक्षणाचा लाभ घ्यायला जगलीच नाहीत. हा अंदाज ढोबळ असेल. पण तो शाळांच्या वैऱ्याचा नव्हे, चालकाचा आहे. पुरावा मागणाऱ्यांनी आधी याला उत्तर द्यावे.

शेवटी 2008 साली सत्य व सलोखा आयोग नेमला गेला. त्याने साडेसहा हजारांवर साक्षी गोळा केल्या आणि 2015 साली अहवाल दिला. आयोगाला त्या वेळी 3,200 मृत्यूंच्या नोंदी सापडल्या; पुढच्या काळात हा आकडा चार हजारांवर गेला. पण मला आकड्यापेक्षा त्यातली एक बारीक गोष्ट अधिक हादरवून गेली. या 3,200 नोंदींपैकी जवळजवळ एक-तृतीयांश नोंदींत मेलेल्या मुलाचे नावच नाही. जवळजवळ निम्म्या नोंदींत मृत्यूचे कारण नाही. शाळेत फळ्यावरचा खडू हरवला तरी आम्हाला कागद लिहावा लागतो. येथे मूल गेले आणि नाव लिहायचे राहिले! ज्या दप्तरावर बाईंच्या पक्षाची सारी भिस्त, ते दप्तर ठेवणारे हात असे होते. त्यातले कोरे पान म्हणजे काही घडलेच नाही असे नव्हे; लिहिणाऱ्याला ते लिहिण्याजोगे वाटले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मे 2021 मध्ये कॅमलूप्स येथील जुन्या शाळेच्या आवारात जमिनीत लहरी सोडून पाहणी झाली आणि 215 मुलांचे अवशेष सापडल्याची बातमी जगभर पसरली. नंतर पाहणी करणाऱ्या तज्ज्ञ बाईंनीच आकडा 200 वर आणला आणि या संभाव्य कबरी आहेत, उत्खननाविना खात्री देता येत नाही, असे स्पष्ट सांगितले. वृत्तपत्रांनी मात्र सामूहिक कबर वगैरे मथळे दिले होते. तेथील जमातीच्या प्रमुखांनी स्वतःच ते शब्द नाकारले. मथळे चुकले, हे मोकळेपणी मान्य केले पाहिजे. पण कॅमलूप्सच्या जमिनीत काय आहे याविषयीची शंका 1907 च्या ब्राइसच्या अहवालाला कशी लागू पडते? एका पानावरचा डाग दाखवून अख्खे पुस्तक फेकून देण्याचा हा प्रकार आहे.

त्यांच्या पक्षाचे दुसरे हत्यार अधिक नाजूक आहे: काही माजी विद्यार्थ्यांनीच शाळेविषयी चांगले बोलून ठेवले आहे. हे खरे आहे. क्री जमातीचे नाटककार टॉमसन हायवे यांनी आपल्या शाळेतल्या दिवसांविषयी आनंदाने सांगितले आहे, आणि त्यांचे शब्द उचलून नाचवले जातात. पण हायवे यांची 1998 सालची ‘किस ऑफ द फर क्वीन’ ही कादंबरी कोणी उघडीत नाही. तीत चॅम्पियन नावाचा मुलगा शाळेत जातो, त्याचे केस जातात, नाव जाते. तो जेरेमाया होतो. त्याच शाळेत त्याला पियानो भेटतो, आणि पियानो हेच त्याचे आयुष्य होऊन बसते. आणि त्याच शाळेच्या निजण्याच्या खोलीत रात्री एक पाद्री त्याच्या धाकट्या भावाच्या खाटेपाशी येतो. कादंबरीकाराने पियानो खोटा पाडला नाही आणि पाद्र्याला लपवलेही नाही. दोन्ही एकाच छपराखाली ठेवले. एक उचलून दुसरे टाकणाऱ्याला ही कादंबरी वाचता आली, असे मी म्हणणार नाही.

बेसिल जॉन्स्टन यांचे ‘इंडियन स्कूल डेज’ (1988) तर खट्याळपणाने भरलेले पुस्तक आहे. ऑन्टॅरिओतल्या जेझुइट पाद्र्यांच्या शाळेतली पोरे, त्यांची भूक, त्यांच्या खोड्या. वाचताना हसू आवरत नाही. या पुस्तकावरून शाळा बरी होती असा निष्कर्ष कोणी काढला असता तर त्याला काय म्हणावे? कारण 2007 साली एका समीक्षाग्रंथाला लिहिलेल्या प्रस्तावनेत जॉन्स्टन यांनी स्वतःवर झालेला अत्याचार प्रथम सांगितला. एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या हसऱ्या पुस्तकात तो नव्हता. माणसे सांगतात तेवढेच त्यांच्यावर गुदरलेले नसते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांपाशी कधी निवांत बसला असाल तर हे तुम्हालाही ठाऊक असेल.

कॅल्गरी-टोरांटोकडच्या मराठी घरांतली मुले 30 सप्टेंबरला नारिंगी सदरा घालून शाळेत जातात. फिलिस वेबस्टाड ही सहा वर्षांची मुलगी 1973 साली निवासी शाळेत निघाली, तेव्हा आजीने तिला नवा नारिंगी सदरा घेतला होता. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला गेला. पुन्हा मिळाला नाही. त्या सदऱ्याच्या नावाने तो दिवस पाळतात. आजीने घेतलेल्या नव्या कपड्याचे मोल या अंकाच्या वाचकांना मी काय सांगावे?

तर मग डफ वाजवले ते योग्य की अयोग्य? लेथब्रिजच्या जवळच कायनाई जमातीची राखीव भूमी आहे आणि तिच्यावर दोन्ही पंथांच्या निवासी शाळा होत्या. कॅनडाच्या कायद्याने 1885 पासून 1951 पर्यंत आदिवासींच्या एकामागून एक विधींवर आणि नाचांवर बंदी होती. म्हणून त्या दालनात घुमलेल्या डफाला निव्वळ गोंगाट म्हणणे मला जमणार नाही. ज्या वाद्याला आजोबांच्या पिढीत गप्प केले, ते नातवंडांनी विद्यापीठात वाजवले.

तरीही माझे मन तेथे पुरते रमत नाही. डफाने बाईंचा आवाज झाकला, युक्तिवाद मात्र शाबूत राहिला. उलट, मला बोलू दिले नाही, ही तक्रार त्यांच्या हाती आयती पडली. दोष विद्यार्थ्यांपेक्षा विद्यापीठाचा अधिक. आधी होकार आणि मग नकार, यामुळे चर्चा मेलेल्या मुलांवरून उठली आणि वक्त्यांच्या हक्कांवर जाऊन बसली. बाईंना सभागृह द्यायला हवे होते. त्यांचे बोलून झाल्यावर कोणीतरी उठून ब्राइसचा अहवाल सावकाश वाचायला हवा होता, मग स्कॉटचे वाक्य, मग नाव नसलेल्या नोंदी, एकेक करून. आणि डफ वाजवायचेच तर त्या वाचनानंतर, रात्र सरेपर्यंत.