कोकणी चित्रपट

कोकणी चित्रपट : गोमंतकीय ख्रिस्ती समाजातील कलावंतांनी, मोठ्या चित्रसंस्थांच्या आधारावाचून, मुख्यतः आपल्याच समाजाच्या प्रेक्षकांसाठी चित्रपट काढले, त्यांतून ही परंपरा उदयास आली. हा प्रेक्षकवर्ग संख्येने अल्प, पण एकजिनसी होता. गोव्याखेरीज मुंबईतील गोमंतकीयांच्या ‘कुडां’तून (ग्रामनिहाय वसतिगृहांतून) आणि आगबोटींवर नोकरी करणाऱ्या तारवटी कुटुंबांतून तो विखुरलेला होता. या चित्रपटांचे गुण आणि मर्यादा या प्रेक्षकाशी असलेल्या नात्यातूनच निर्माण झाल्या.

त्यांची पूर्वपीठिका तियात्र या नाट्यप्रकारात आहे. त्याचा पहिला प्रयोग ‘इटालियन भुरगो’ हा मुंबईस १८९२ मध्ये झाला. प्रवेशांच्या मधे कथानकाशी संबंध नसलेली विनोदी वा उपदेशपर गाणी, म्हणजे ‘कांतारां’, गाणे हे त्याचे वैशिष्ट्य. ए. एल. जेरी ब्रागांझा यांनी निर्मिलेला व दिग्दर्शित केलेला पहिला कोकणी चित्रपट ‘मोगाचो आंवडो’ पोर्तुगीज अमलातील म्हापसे येथे २४ एप्रिल १९५० रोजी प्रदर्शित झाला.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत नाव मिळविलेले फ्रँक फर्नांड यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे चित्रपट निर्माण केले. दोहोंचे दिग्दर्शन ए. सलाम यांचे असून सी. आल्वारिस यांसारखे तियात्रातील नट त्यांत होते. ‘निर्मोण’ची कथा टेनिसनच्या ‘ईनक आर्डन’ या कथाकाव्यावर आधारलेली आहे. सागरावर हरवलेला, मृत समजला गेलेला खलाशी परततो, हे त्यातील सूत्र इंग्रज कवीचे; पण ज्या समाजात घरटी एक पुरुष बोटीवर असे, त्याला ते परके वाटण्याचे कारण नव्हते. उसन्या कथेला लाभलेला हा अनुभवाचा आधार हेच या चित्रपटाचे खरे बळ होय. त्याच कथेवरून सलाम यांनीच ‘तकदीर’ (१९६७) हा हिंदी चित्रपट केला. कथा भाषांतरित झाली, परंतु तिच्यामागील समाज मागेच राहिला.

तथापि हमखास प्रेक्षक ही चित्रपटाला शक्ती तशीच बेडीही ठरते. तियात्रातील ठराविक पात्रे, उपदेश आणि गाण्यांचा अतिरेक पडद्यावरही टिकून राहिला. ‘भुंयारांतलो मनीस’ (१९७७) हा पहिला रंगीत कोकणी चित्रपटही गाण्यांच्या या मोहातून सुटला नाही. तेरेखोल नदीच्या उत्तरेस, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कोकणीशी निकटचे नाते असलेली मालवणी बोली बोलली जाते. पण तेथील बहुसंख्य प्रेक्षक दशावतारी नाटकावर वाढलेला. मच्छिंद्र कांबळी यांच्या ‘वस्त्रहरण’ (१९८०) या नाटकाने मालवणी मराठी व्यावसायिक रंगभूमीवर रुजविली. कोकणी पडद्याकडे ती वळली नाही. सीमा भाषेची नव्हती. लिपी, धर्म व नाट्यसंस्कार यांची होती.

अमेरिकेतील मॉर्मन पंथीयांच्या चित्रपटांतही असाच अनुभव आला. रिचर्ड डचर यांच्या ‘गॉड्स आर्मी’ (२०००) मध्ये तरुण धर्मप्रचारकांच्या श्रद्धेची व संशयाची गंभीर दखल होती. तिच्या पाठोपाठ आलेल्या ‘द सिंगल्स वॉर्ड’ (२००२) सारख्या विनोदी चित्रपटांची गंमत पंथाच्या रीतिरिवाजांच्या ओळखीवरच अवलंबून होती.

कोकणीत ही चौकट लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या ‘पलतडचो मनीस’ (२००९) या चित्रपटाने ओलांडली. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात मनोरुग्ण स्त्रीला आश्रय देणाऱ्या वनरक्षकाला गाव दूर लोटते. टोराँटो महोत्सवात त्याला समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे पारितोषिक मिळाले. आपल्याच समाजाला असा कठोर प्रश्न विचारणाऱ्या या चित्रपटाला पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास निगमाने पुरविला होता, हे लक्षणीय आहे. उलट, बार्द्रॉय बरेटो यांच्या ‘नाचूं-या कुंपासार’ (२०१५) या चित्रपटाने लोकवर्गणीच्या साहाय्याने जुन्या गोमंतकीय वादकांचे व गायिकांचे जग उभे केले. त्यात गाणी विपुल आहेत. मात्र ती येथे विरंगुळा न राहता कथा पुढे नेतात आणि त्या कलावंतांची उपेक्षाही दाखवितात. समाजाच्या पैशातून समाजाचे परखड चित्र काढता येते, याची ही खूण होय. कोकणी चित्रपटाचे भवितव्य प्रेक्षकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या या सहनशीलतेवर अधिक अवलंबून आहे.