प्रत्यभिज्ञा आणि खंत : 'द लास्ट युनिकॉर्न'ची पुनर्भेट

१

बालपणी जिने आपल्याला भारून टाकले अशा कलाकृतीकडे प्रौढ वयात परतताना समीक्षकाची स्थिती अवघडलेली असते. समोर पडद्यावर जे उलगडत असते त्याला तो प्रतिसाद देतो, की त्या काळातल्या स्वतःला, हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. आपल्या काव्यशास्त्राला ही अडचण अपरिचित नाही. अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त सांगितलेल्या सात रसविघ्नांमध्ये 'निजसुखादिविवशीभाव' हे एक विघ्न आहे. स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला प्रेक्षक समोरच्या नाट्याशी तन्मय होऊ शकत नाही, असा त्याचा आशय. या निकषावर बालपणीच्या आवडत्या चित्रपटाकडे परतणारा प्रेक्षक मुळातच सविघ्न ठरतो. मराठीत रूढ झालेल्या 'स्मरणरंजन' या शब्दातही हाच सौम्य ठपका आहे. जे रंजन करते ते स्मरण, कलाकृती नव्हे.

हा ठपका बव्हंशी रास्तच आहे. परंतु स्मृती ही आस्वादाच्या वाटेतील केवळ अडथळा असते काय, की काही कलाकृतींच्या बाबतीत ती अर्थग्रहणाची अटही असू शकते, हा प्रश्न उरतोच. हा प्रश्न अमूर्त पातळीवर सोडवण्यापेक्षा, ज्या चित्रपटाने तो स्वतःचा विषय बनवला आहे अशा एका चित्रपटाच्या आधारे तपासणे अधिक फलदायी ठरेल. 'द लास्ट युनिकॉर्न' (१९८२) हा तो चित्रपट होय. प्रस्तुत लेखकाने तो बालपणी व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. स्मृतीत उरल्या होत्या त्या तीन प्रतिमा : निळसर रानात उभे असलेले एक पांढरे जनावर, आगीचा बनलेला एक लाल बैल, आणि फेसाळ लाटांतून उसळून येणारे असंख्य पांढरे कळप. पुनर्भेटीत मात्र या तिन्ही प्रतिमांपेक्षा वेगळाच, त्या वेळी पूर्णपणे निसटलेला एक प्रसंग केंद्रस्थानी आला. हे केंद्र का सरकले, याचे उत्तर चित्रपटाच्या रचनेतच आहे.

२

पीटर एस. बीगल यांची याच नावाची कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली आणि चित्रपटाची पटकथाही त्यांनीच लिहिली. आर्थर रँकिन (ज्युनिअर) आणि ज्यूल्स बास या अमेरिकन जोडीने निर्मिती व दिग्दर्शन केले; प्रत्यक्ष रेखांकन व सचेतनाचे काम मात्र टोकियोतील 'टॉपक्राफ्ट' या संस्थेचे. याच संस्थेने पुढे हायाओ मियाझाकी यांचा 'नाउसिका' (१९८४) साकारला आणि तिच्यातील अनेक कलावंत १९८५ साली स्थापन झालेल्या 'स्टुडिओ जिब्ली'त गेले. म्हणजे अमेरिकन कथा, युरोपीय मिथक आणि जपानी रेषा असा हा संयोग आहे. श्रेयनामावलीची चित्रे युरोपीय मध्ययुगाच्या अखेरीस विणल्या गेलेल्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या 'क्लॉयस्टर्स' विभागात जतन केलेल्या युनिकॉर्न-शिकारीच्या भित्तिपटांची आठवण करून देतात. या मिथकाचे एक मूळ आपल्याकडे पोहोचते, हेही नोंदवायला हवे. पाश्चात्त्य परंपरेत एकशिंगी प्राण्याचे पहिले ज्ञात वर्णन इसवी सनापूर्वी चारशेच्या सुमारास ग्रीक लेखक क्टेसियसने केले ते हिंदुस्थानातील रानगाढवाचे म्हणून. अद्भुताला नेहमी दूरचा पत्ता लागतो. ग्रीकांसाठी तो पत्ता आपला होता.

कथासूत्र थोडक्यात असे : आपल्या रानात सुखाने राहणारी एक युनिकॉर्न (चित्रपटात ती मादी आहे) शिकाऱ्यांच्या बोलण्यातून ऐकते की ती तिच्या जातीतील शेवटची आहे. बाकीच्यांचे काय झाले याच्या शोधात ती बाहेर पडते. श्मेंड्रिक हा अर्धवट जादूगार आणि मॉली ग्रू ही दरोडेखोरांच्या टोळीत आयुष्य काढलेली स्त्री तिचे सोबती होतात. हॅगार्ड नावाच्या राजाने लाल बैलाकरवी सर्व युनिकॉर्न समुद्रात कोंडून ठेवले आहेत. बैलापासून वाचवण्यासाठी श्मेंड्रिक तिला मानवी स्त्रीचे रूप देतो, आणि 'अमाल्थिया' या नावाने ती हॅगार्डच्या किल्ल्यात वावरू लागते.

शोधकथेचा हा परिचित साचा आहे. परंतु या साच्याच्या आत चित्रपटाचा खरा व्यापार प्रत्यभिज्ञेचा, 'तोच हा' या ओळखीचा आहे. बाहेरच्या जगात पाऊल टाकताच युनिकॉर्नला कळते की माणसांना ती दिसतच नाही. त्यांना दिसते ती एक देखणी पांढरी घोडी. वाटेतला शेतकरी तिला पकडायलाच धावतो. मॉमी फॉर्च्युना ही जत्रेत पिंजरे मांडून बसणारी चेटकीण तिला ओळखते आणि पकडते. तिच्या पिंजऱ्यांतील इतर 'अद्भुत' प्राणी म्हणजे म्हातारा सिंह, माकड असे सामान्य जीव आहेत. मंत्राने ते राक्षसी भासतात. पण या बनावट जत्रेत खरी युनिकॉर्न दाखवायची तर तिच्या खऱ्या शिंगावर भासमान खोटे शिंग चढवावे लागते, कारण गिऱ्हाइकांना खरे दिसत नाही.

'अभिज्ञानशाकुंतला'त दुष्यंताला शकुंतला ओळखण्यासाठी अंगठी लागते. तिथे खूण खरी असते आणि ती हरवलेली असते. फॉर्च्युनाच्या जत्रेत खूण खोटी आहे, पण तिच्यावाचून खऱ्याची ओळख पटत नाही. बालपणीच्या कलाकृती नव्या वेष्टनात पुन्हा पुन्हा विकणाऱ्या आजच्या बाजाराचे याहून नेमके रूपक शोधून सापडणार नाही. आपल्याला भुलवणारी वस्तू अनेकदा खरीच असते, परंतु ती आपल्यापर्यंत खोटे शिंग लावून येते. तसे पाहता ही चेटकीणही निव्वळ लबाड नाही. दुसरा खरा अमर जीव, हार्पी, तिने जिवावर उदार होऊन कोंडला आहे. तो सुटून आपला घास घेईल हे तिला ठाऊक आहे. आपल्याला कोंडणारी ही बाई त्या अमर प्राण्याच्या स्मरणात कायम राहील, हीच तिची अमरत्वाची कल्पना.

३

आता त्या निसटलेल्या प्रसंगाकडे वळू. मॉली ग्रू रानात प्रथमच युनिकॉर्नला पाहते. तिला खोट्या शिंगाची गरज पडत नाही. ती पाहताक्षणी ओळखते. रूढ अद्भुतकथेत अशा ओळखीनंतर आनंद, विस्मय किंवा भक्ती यांपैकी काहीतरी अपेक्षित असते. मॉली मात्र संतापते. इतकी वर्षे कुठे होतीस, मी कोवळी होते तेव्हा का आली नाहीस, आणि आता माझी ही दशा झाल्यावर यायचे धाडस तुला होते कसे, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. युनिकॉर्न निष्पाप कुमारिकांपाशी येते ही मध्ययुगीन समजूत मॉलीला पाठ आहे, आणि त्या समजुतीने तिला आयुष्यभर वगळले आहे. मग ती रडते आणि क्षमा करते. जगातली अखेरची युनिकॉर्नच मॉली ग्रूच्या वाट्याला यायची, या तिच्या उद्गारात स्वतःवरचा उपहासही आहे.

दहा वर्षांच्या मुलाला हा प्रसंग कळत नाही, आणि कळू नये हेच योग्य. त्याच्या लेखी युनिकॉर्न उशिरा आलेली नसते. मॉलीचा संताप कळण्यासाठी प्रेक्षकाजवळ स्वतःचे असे काही गमावलेले असावे लागते. या ठिकाणी 'निजसुखादिविवशीभाव' या कल्पनेला थोडी मुरड घालावी लागते. प्रेक्षकाचे व्यक्तिगत दुःख इथे आस्वादात घुसखोरी करत नाही. कलाकृतीने त्या दुःखासाठी आपल्या रचनेत आधीच जागा राखून ठेवली आहे. बालपणीच्या चित्रपटाकडे परतणाऱ्या प्रौढाला पडद्यावर स्वतःच्या स्थितीची पात्ररूप आकृती भेटते. आणि ती आकृती मॉलीची असल्यामुळे, व्यक्तिगत असलेली त्याची खंत साधारणीकृत होते. चित्रपटातले प्रौढ वाचन हे मागाहून लादलेले नसून संहितेतच अंतर्भूत आहे, असे म्हणण्यास यामुळे आधार मिळतो.

मॉलीची ओळख अंगठीवाचूनची आहे, आणि तिची किंमत तिने आधीच भरली आहे. ज्याने वाट पाहिली त्यालाच ओळख पटते. म्हणूनच त्या ओळखीत कृतज्ञतेआधी तक्रार येते.

४

परतण्याची दुसरी रीत हॅगार्डची. हा राजा क्रूर आहे. पण तो अद्भुतकथेतल्या ठरावीक खलपुरुषासारखा सत्तेचा किंवा संपत्तीचा भुकेला नाही. त्याचा किल्ला उजाड आहे, शिपाई मूठभर आणि म्हातारे. किल्ल्याच्या तटावर तो अमाल्थियाला समुद्र दाखवतो आणि आपली कथा सांगतो. तरुणपणी प्रथम युनिकॉर्न पाहिले तेव्हा आपण आता मरणार असे त्याला वाटले. तो आनंद दुसऱ्या कशातच मिळाला नाही. म्हणून जगातले सगळे युनिकॉर्न त्याला हवे झाले. आता भरतीच्या लाटांत ते किनाऱ्याकडे येतात आणि बैलाच्या भयाने मागे फिरतात, आणि हा म्हातारा ते पाहत उभा राहतो. ख्रिस्तोफर ली यांच्या आवाजातील कोरडी, दमलेली गंभीरता या निवेदनाला शोकात्म उंची देते.

हॅगार्डचा अपराध नेमका कोणता? त्याने सौंदर्य ओळखले. ओळखण्यात तो मॉलीपेक्षा उणा नाही. पण पहिल्या भेटीचा क्षण जसाच्या तसा पुन्हा हवा, आणि तो आपल्या ताब्यात हवा, असा त्याचा हट्ट आहे. स्वेतलाना बॉइम यांनी 'द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया' (२००१) या ग्रंथात स्मृतिविव्हळतेचे दोन प्रकार कल्पिले आहेत : हरवलेले घर पुन्हा उभारू पाहणारी पुनःस्थापक वृत्ती, आणि हरवलेपणाच्या वेदनेतच रेंगाळणारी, अंतराचे भान राखणारी चिंतनशील वृत्ती. हॅगार्ड पहिल्या वृत्तीचा टोकाचा प्रतिनिधी ठरतो. मॉली मात्र दुसऱ्या वृत्तीतही पुरती मावत नाही, कारण ती वेदनेत रेंगाळत नाही. भांडते, क्षमा करते आणि सोबत चालू लागते. बॉइम यांच्या द्विभाजनात न बसणारी ही तिसरी शक्यता या चित्रपटाची स्वतःची आहे.

येथे चित्रपटाची एक गंभीर उणीवही सांगायला हवी. कादंबरीत हॅगार्डच्या ओसाड राज्यात हॅग्जगेट नावाचे एक सुबत्ता असलेले गाव आहे. हॅगार्डच्या भाग्याबरोबर त्या गावाचे भाग्य शापाने बांधलेले आहे, आणि त्याचा किल्ला पाडणारा त्याच गावातून येणार असे भाकीत आहे. ही सुबत्ता गावकऱ्यांना सुख देत नाही, पण ती सोडवतही नाही. चित्रपटाने हे गाव पूर्णतः गाळले. परिणामी कोंडलेल्या सौंदर्याच्या जिवावर एक अख्खा समाज कसा पोसला जातो, हा कादंबरीचा सामाजिक पदर नाहीसा झाला आणि हॅगार्ड एकाकी मनोविकृतीचा नमुना होऊन बसला. युवराज लीर हा कादंबरीत त्या गावाने टाकून दिलेले मूल आहे. चित्रपटात ही पार्श्वभूमी गेल्याने त्याचे शौर्य काहीसे पोकळ वाटते. जिमी वेब यांची 'अमेरिका' या वाद्यवृंदाने गायलेली गाणी प्रवासाला लय देतात, परंतु अमाल्थिया आणि लीर यांच्या तोंडची गीते कथेला थोपवून धरतात. जिवंत झालेल्या झाडाचा विनोदी प्रसंगही ओबडधोबड आहे. बालपणीच्या स्मृतीने या उणिवा झाकल्या होत्या, आणि त्या पुरता स्मरणरंजनावरचा ठपका मान्य केलाच पाहिजे.

५

माध्यमाचा विचार केल्याशिवाय हे विवेचन अपुरे राहील. छायाचित्रित चित्रपटात युनिकॉर्न दाखवली तर घोडी खरी आणि शिंग चिकटवलेले, अशी विभागणी अटळ असते. म्हणजे तिथे प्रत्येक युनिकॉर्न फॉर्च्युनाच्या जत्रेतलीच. रेखाटलेल्या चित्रपटात घोडी, शिंग, लाट आणि फेस हे सारे एकाच रेषेचे बनलेले असते. म्हणूनच लाटांचा फेस बघता बघता आयाळ आणि खूर होतो, तेव्हा रूपक आणि घटना यांत अंतर उरत नाही. एरवी केवळ उपमा राहिले असते ते इथे डोळ्यांदेखत घडते. बालपणी मनावर कोरली गेलेली ती तिसरी प्रतिमा स्मृतीने उगाच जपलेली नव्हती. चित्रपटाचे सर्वांत मोठे रूपसामर्थ्य तिच्यातच आहे. मुलाच्या नजरेला रूप दिसले होते, आशय दिसला नव्हता. लाटांत धावणारे कळप कैदी आहेत, हे त्याच्या ध्यानात राहिले नाही.

शेवटी कळप सुटतात, किल्ला कोसळून हॅगार्डसह समुद्रात जातो, आणि मृत लीरला युनिकॉर्न शिंगाच्या स्पर्शाने उठवते. पण ती स्वतः पूर्ववत होत नाही. मानवी देहात असताना तिने मरणाची चाहूल अनुभवली, प्रेम केले, आणि स्वतःला जवळजवळ विसरली. निरोप घेताना ती श्मेंड्रिकला सांगते की खंत वाटू शकणारी ती एकमेव युनिकॉर्न आहे. आपल्या जातीला मुक्त करून ती पुन्हा एकटीच राहते. सुरुवातीला ती संख्येने एकटी होती, आता ज्ञानाने.

बालकांसाठीच्या अद्भुतकथेत घरी परतणे म्हणजे बहुधा मूळच्या निर्दोष स्थितीची प्राप्ती. या चित्रपटाने परतण्याचा तो अर्थ नाकारला. रान तेच आहे, परतणारी ती नाही. समीक्षकाच्या पुनर्भेटीलाही हेच लागू पडते. दहाव्या वर्षी पाहिलेला चित्रपट परत मिळावा असा हट्ट धरला तर आपण हॅगार्डच्या तटावर उभे असतो. त्या वयातल्या स्वतःला भाबडा ठरवून हात झटकले, तर घोडी पाहणाऱ्या शेतकऱ्याहून आपण वेगळे नसतो. मॉलीप्रमाणे आधी भांडण करून मग सोबत चालणे ही समीक्षेची रीत होऊ शकते. त्या भांडणात खंत असते, आणि ती विघ्न न ठरता ओळखीची खूण ठरू शकते. ही खूण मात्र कुणी वरून चढवलेली नसते. ती प्रेक्षकाने वर्षे मोजून कमावलेली असते.