राघोजी भोसले, पण कोणते?

‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग.’

तलवारीच्या पात्यावर सोन्याच्या पाण्याने लिहिलेली ही ओळ २०२५च्या एप्रिलमध्ये बहुतेक नागपूरकरांच्या फोनवर येऊन गेली असेल. लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात निघालेली ही तलवार राज्य सरकारने मध्यस्थामार्फत विकत घेतली. वाहतूक, विमा वगैरे धरून खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली आणि पु. ल. देशपांडे कला अकादमीत लोकांनी ती पाहिली.

तलवार आली हे चांगलंच झालं. माझी तक्रार तिच्याबद्दल जे सांगितलं गेलं, त्याबद्दल आहे. ती नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी (१६९५–१७५५) यांची, असं जाहीर झालं. का? तर तिच्यावर तसं नाव आहे. बहुतेक बातम्या इथेच थांबल्या, आणि आपणही.

जुनी तलवार ओळखायची कशी, याचा सोपा सराव करायचा असेल तर अमेरिकेतल्या बंधुसंघांच्या तलवारी बघा. फ्रीमेसन, ऑड फेलोज, नाइट्स ऑफ पिथियस अशा संघटनांचे सभासद एकोणिसाव्या शतकात गणवेश घालून, कमरेला तलवार लावून मिरवायचे. या तलवारी लढाईसाठी नव्हत्याच. ओहायोतल्या लिली किंवा मॅसॅच्युसेट्समधल्या एम्ससारख्या कंपन्या त्या बनवायच्या. ही पद्धत आपल्याला अगदीच परकी नाही. भारतीयांना प्रवेश देणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही फ्रीमेसन शाखा मुंबईत १८४३ मध्ये निघाली, आणि सभा चालू असताना दाराबाहेर नंगी तलवार घेऊन पहारा देणारा सभासद हा फ्रीमेसन रिवाजाचा भागच आहे.

या तलवारी वाचायला सोप्या असतात. मुठीवर तीन कड्यांची साखळी दिसली तर ऑड फेलोज. एफ, सी, बी ही अक्षरं दिसली तर नाइट्स ऑफ पिथियस, म्हणजे १८६४च्या आधीची असणं शक्य नाही, कारण संघटनाच त्या साली निघाली. मुठीच्या टोकाला शिरस्त्राण घातलेलं डोकं आणि जोडीला क्रूस असेल तर बहुधा फ्रीमेसनांची ‘नाइट्स टेम्पलर’ शाखा. मुठीजवळ कारखान्याचा शिक्का, आणि पात्यावर पुष्कळदा मालकाचं नाव.

तरीही माणसं चुकतात. पणजोबांच्या पेटीत अशी तलवार सापडली की कुणाला तरी वाटतं, ही धर्मयुद्धातली. कारण ‘टेम्पलर’ हे नाव. मूळ टेम्पलर संघ १३१२ मध्येच बरखास्त झाला होता. पात्यावर नाव असतं एखाद्या साध्या सभासदाचं, पण ते नको असतं, सरदार हवा असतो. तिथे लोक नावाकडे दुर्लक्ष करतात. आपण इथे नाव दिसताच बाकी सगळ्याकडे दुर्लक्ष केलं.

आता आपली तलवार तशीच तुकड्यातुकड्याने वाचू. पातं सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचं. म्हणूनच तर तिचं नाव फिरंग. युरोपातून आलेल्या पात्याला इथे मूठ बसवायची, हा मराठ्यांकडे आणि मुघलांकडेही रुळलेला प्रकार होता. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचं नक्षीकाम, आत हिरवं कापड. म्हणजे परत आलेल्या या वारशाचा अर्धा भाग मुळात समुद्रापलीकडून विकत घेतलेला आहे. यात कमीपणा काहीच नाही. अठराव्या शतकातलं नागपूर केवढ्या मोठ्या व्यापाराला जोडलेलं होतं, हे त्या पात्यावरून कळतं. पण मिरवणुकीत ही गोष्ट मागे पडली.

मग नाव. इथे एक साधी अडचण आहे. माझं रोजचं काम डेटाबेसचं. तिथे प्रत्येक नोंदीला एक अशी ओळख द्यावी लागते, जी दुसऱ्या कुठल्याही नोंदीची नसेल. ‘राघोजी भोसले’ ही तशी ओळख नाही. नागपूरच्या गादीवर तीन रघुजी होऊन गेले. पहिले १७५५ मध्ये वारले, दुसरे १८१६ मध्ये, तिसरे १८५३ मध्ये. ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब पहिल्या रघुजींना शाहू महाराजांकडून मिळाला हे खरं, पण तो पुढे घराण्यात चालत राहिला. जानोजी वारल्यावर त्याच किताबावरून भाऊबंदकी पेटली आणि अखेर तो जानोजींच्या दत्तक मुलाकडे गेला. त्या मुलाचं नावही रघुजी. दुसरे रघुजी. म्हणजे नाव आणि किताब, दोन्ही एकत्र जुळणारी निदान दोन माणसं आहेत, आणि त्यांच्यात दोन पिढ्यांचं अंतर आहे.

पात्याचं वय काढून हे सुटेल? एकाच बाजूने. पातं १७५५ नंतरचं निघालं तर पहिले रघुजी बाद होतात. पण ते त्याआधीचं निघालं तर दुसरे रघुजी बाद होत नाहीत, कारण चांगली पाती पिढ्यान् पिढ्या वापरली जात, नवी मूठ लावून पुन्हा सजवली जात. कारखानदाराच्या नावावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. आंद्रेया फेरारा हे इटालियन कारागिराचं नाव पुढे जर्मन पात्यांवर ब्रँडसारखं उमटत राहिलं. इराणच्या असदुल्लाचं नाव त्याने कधी न पाहिलेल्या असंख्य पात्यांवर आहे. निकाल लागू शकतो तो अक्षरांच्या वळणावरून, सोनं चढवण्याच्या पद्धतीवरून, मुठीच्या घडणीवरून, आणि दफ्तरातल्या शस्त्रांच्या यादीवरून.

तलवार खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती पहिल्या रघुजींची असूही शकते. माझं म्हणणं इतकंच की नाव हा पुराव्याचा एक तुकडा आहे आणि तो एकटा पुरेसा नाही.

दुसरा प्रश्न, ती इथून गेली कशी? १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत किंवा नजराण्यात गेली असावी, असा तज्ज्ञांचा कयास सांगण्यात आला. ‘कयास’ हा शब्द प्रामाणिक होता. फॉरवर्ड होता होता तो गळाला आणि उरली ‘इंग्रजांनी सीताबर्डीवर लुटलेली तलवार’. मी रामदासपेठेत राहतो. सीताबर्डीचा किल्ला इथून जवळच आहे, लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे वर्षातले मोजके दिवसच उघडणारा. तलवार त्या टेकडीवरून गेली असं मानायला मलाही आवडेल.

पण दारं आणखी होती. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगडला दुसऱ्या रघुजींचा पराभव झाला. आणि १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारसाविना वारल्यावर डलहौसीने संस्थान खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती-घोडे, जडजवाहीर लिलावात विकलं गेलं. हे शेवटचं दार मला सर्वांत जास्त खुपतं. रणांगणावरची लूट सांगायला वीरश्रीची आहे. कारकुनाने यादी करून, बोली लावून घर रिकामं करणं ही तितकीच खरी लूट, पण तिचं स्टेटस होत नाही. तलवार लिलावातून परत आली. ती लिलावातूनच गेली असेल, तर ते आपल्याला ऐकवेल का?

वाघनखांच्या वेळी आपण याच वळणावर होतो. जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्यात आली. अफझलखानाच्या वधात वापरलेली ती हीच, याचा पुरावा नसल्याचं लंडनच्या संग्रहालयानेच सांगितलं होतं. ज्यांनी ते इथे मोठ्याने म्हटलं, त्यांना महाराजांबद्दलची निष्ठा सिद्ध करावी लागली. प्रश्न वस्तूबद्दल होता, उत्तर माणसाच्या श्रद्धेबद्दल मागितलं गेलं.

यात नुकसान आपलंच आहे. सरकार वारशाच्या वस्तू विकत घेणार, हे आता बाजाराला कळलं आहे. नुसत्या नावावर आपण खूश होतो हेही कळलं, तर पुढच्या लिलावात नावं असलेल्या तलवारी वाढतील. जुन्या पात्यावर चार सोनेरी अक्षरं नंतर चढवणं कारागिराला अवघड नाही.

म्हणून तलवारीशेजारच्या पाटीवर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या हव्यात. वस्तूवर काय दिसतं: युरोपीय पातं, मुल्हेरी मूठ, देवनागरी लेख. त्यावरून काय अनुमान निघतं आणि कशाच्या आधारे: रघुजी पहिले, की दुसरे. आणि निव्वळ कयास काय: ती इथून कधी, कशी गेली. पाटी दहा ओळींनी वाढेल. पण ती वाचून एखादी शाळकरी मुलगी आईला विचारेल, ‘मग हे कोणते राघोजी?’ त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला नागपुरात दफ्तरं आहेत, अभ्यासक आहेत, १८६३ पासून उभा असलेला अजब बंगला आहे. ४७ लाखांत तलवार मिळाली. हा प्रश्न त्यातच, फुकट आला आहे.