रंगाखालचा गंज आणि आपला धडा

लोखंड गंजण्याचा धडा आपण सारेच शिकवतो. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे. हवा आणि पाणी दोन्ही मिळालेला खिळा गंजतो, बाकीचे दोन तसेच राहतात. प्रयोग चोख आहे. तक्रार आहे ती त्यानंतरच्या उपायांच्या यादीविषयी. रंग, तेल किंवा जस्ताचा थर दिला की गंज टळतो, असे सांगून धडा संपतो. आणि दिसत नाही म्हणजे गंज नाही, अशी समजूत मुलांच्या मनात घर करते.

मुंबई हाय येथे 1974 मध्ये तेल सापडले. तेथून उरणपर्यंत समुद्रतळावरून सुमारे 200 किलोमीटर लांबीचे नळ टाकले गेले. अशा नळांवर गंजरोधक लेप असतो, नळ तळाशी राहावा म्हणून त्यावर काँक्रीटचा थर असतो आणि स्वतः झिजून लोखंड वाचवणारी जस्ताची किंवा अॅल्युमिनिअमची कडीही असतात. म्हणजे यादीतले उपाय एकावर एक! तरीही लेपाला चीर पडू शकते, तेलासोबत येणाऱ्या पाण्याने नळ आतून झिजू शकतो. जानेवारी 2011 मध्ये मुंबई–उरण नळातून समुद्रात तेल सांडले. अशी गळती होण्याआधीच, लेप न खरवडता, आतले लोखंड किती उरले हे कसे कळावे?

एक मार्ग श्राव्यातीत ध्वनीचा. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5900 मीटर जातो. 12 मिलिमीटर जाडीच्या भिंतीतून तो जाऊन परत येण्यास सुमारे 4 मायक्रोसेकंद लागतात. वेळ कमी भरला तर भिंत झिजली. वर रंग असेल तर लागोपाठच्या दोन प्रतिध्वनींमधला वेळ मोजतात, म्हणजे रंगातला वेळ आपोआप वगळला जातो. दुसरा मार्ग चुंबकाचा. तेलाच्याच रेट्याने नळातून पुढे सरकणारे यंत्र भिंतीला चुंबकत्व देते. भिंत जेथे पातळ झाली असेल तेथे बलरेषा बाहेर पडतात आणि यंत्र त्यांची नोंद घेते.

अशा यंत्रांना 'गंज पाहणारे डोळे' म्हणण्याचा मोह लेखकांना होतो. हे वर्णन आकर्षक असले तरी चुकीचे आहे. यंत्राला गंज दिसत नाही. ते वेळ मोजते किंवा बलरेषा मोजते. गंजाचा निष्कर्ष माणूस काढतो, आणि तो चुकूही शकतो. विज्ञान शिकवायचे ते नेमके येथे.

त्यासाठी समुद्र लागत नाही. गेवराई तालुक्यातील चकलांब्याच्या वर्गातही हे करता येईल. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे बोटभर अंतर सोडून टेबलावर ठेवा. एका तुकड्याच्या काही भागावर पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे रचा आणि सगळ्यावर एक मोठा पुठ्ठा झाका. मुलांनी वरून लहान चुंबक फिरवावा आणि ओढ कोठे कमी होते तेथे खुणा कराव्यात. मग पुठ्ठा उचला. एका खुणेखाली लोखंड खरेच नसेल. दुसऱ्या खुणेखाली ते शाबूत असेल, फक्त वरचा थर जाड असेल. ओढ दोन्हीकडे कमी, कारणे मात्र वेगळी.

ही चूक मुलांना स्वतः करू द्यावी. उपायांच्या यादीपेक्षा ती अधिक शिकवून जाईल.