जुन्या घराचं ‘एलिव्हेशन’

आज वेरूळमध्ये बोलतो आहोत, त्यामुळे लेण्यांवर ऐकायला मिळेल अशी आपली अपेक्षा असेल. लेण्यांकडे जाऊच, पण आमच्या घरावरून जाऊ.

आमचं इथलं घर जुनं आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, माथ्यावर माळवद. घर आता पुतण्याकडे आहे. त्याला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या आहेत. परवा त्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं. समोरून निळी काच, बाजूला चकचकीत पत्रा, खाली दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स. म्हणाला, ‘काका, एलिव्हेशन केल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही.’ म्हटलं, विचार करून सांगतो. आजचं बोलणं हाच तो विचार.

पहिली गोष्ट. जुन्या वास्तूला नवा चेहरा देणं हे पाप नाही. आमच्या वयाची माणसं चटकन ‘जुनं ते सोनं’ म्हणून मोकळी होतात. पण इथलंच उदाहरण बघा. आठव्या शतकातलं कैलास लेणं आज आपण काळ्या पाषाणात पाहतो आणि ‘काय तो दगडाचा रुबाब’ म्हणतो. त्याच्यावर पांढरा गिलावा होता, रंग होते. लोक त्याला ‘रंगमहाल’ म्हणत. मंडपाच्या छतावर तर जुन्या चित्रांच्या थरावर नंतरच्या चित्रांचा थर दिसतो. म्हणजे पुढच्या पिढ्यांनीही तिथे हात फिरवला. तेव्हा पुतण्याला ‘हात लावू नकोस’ म्हणायचा अधिकार आम्हाला नाही.

मग हरकत कशाला? व्हिएन्नाचे वास्तुकार अडॉल्फ लोस यांनी १८९८ साली आवरणाबद्दल एक नियम मांडला. आवरण घालावं, पण ते आतल्या वस्तूशी गफलत होईल असं नसावं. लाकडाला कुठलाही रंग द्या, फक्त लाकडाचा रंग देऊ नका. या नियमानं दगडासारख्या दिसणाऱ्या टाइल्स पहिल्याच फेरीत बाद होतात.

आम्ही बरीच वर्षं हाच नियम शिकवला. पण इथून तीसेक किलोमीटरवर त्याला अडचण उभी आहे, बीबी का मकबरा. त्याचा खालचा पट्टा आणि घुमट संगमरवराचा. मधला बराच भाग आपला बेसाल्ट, आणि त्यावर घोटून संगमरवरासारखा केलेला चुन्याचा गिलावा. लोस यांच्या हिशेबानं ही गफलतच. तरी १७व्या शतकापासून ती उभी आहे, आणि आम्हाला ती खोटी वाटत नाही. म्हणजे ‘खरं की दिखाऊ’ एवढ्या कसोटीवर भागत नाही.

दुसरी कसोटी आम्हाला पुस्तकात सापडली नाही, घराच्या भिंतीत सापडली. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही स्वतःच, हौसेनं, त्या मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर तेलकट रंग लावून घेतला. दोन पावसाळे घर नवंकोरं दिसलं. मग आतल्या बाजूनं ओल चढू लागली. लोणा धरला, पोपडे पडले, कोनाड्यात ठेवलेल्या वडिलांच्या वह्या बुरशीनं गेल्या.

कारण साधं आहे. जुन्या भिंतीच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, आणि माती-चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जातं. सिमेंटनं ती वाट बुजते. शिवाय सिमेंट कडक, माती मऊ. दोघांची हालचाल जुळत नाही, बारीक तडे जातात. तड्यातून पाणी आत शिरतं आणि कोंडून राहतं. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले होते, असा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. गिलावा टिकण्याचं श्रेय अभ्यासक त्यालाही देतात. हे कारागीर भिंत ओळखून तिचं आवरण करत होते.

आणि आमचा मुख्य मुद्दा आता येतो. पूर्वी दिवाळीआधी घराला चुना लागायचा. आई स्वतः शिडीखाली उभी राहायची. ‘इथं भेग आहे बघ’, ‘इथं उंदरानं पोखरलंय’. आम्हाला वाटायचं, ही रंगरंगोटी. खरं तर ती वर्षाची तपासणी होती. चुन्याचा पोपडा निघाला की भिंत काहीतरी सांगते आहे, हे कळायचं. टाइल आणि पत्र्याची जाहिरातच मुळी ‘परत बघायला नको’ अशी असते. आमची हरकत नेमकी याच गुणाला आहे. जे परत बघावं लागत नाही, त्याच्यामागे काय चाललंय ते आपण बघायचं सोडतो. माणसांच्या बाबतीतही आपण हे करतोच. पण तो विषय पुन्हा कधी.

पुतण्याची बाजूही ऐकली पाहिजे. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी झालेत, काम सावकाश होतं, आणि दरवर्षी खर्च. दिवाळीला शिडीखाली उभं कोण राहणार? आम्ही सत्तरी ओलांडलेली माणसं शहरात बसून त्याला चुना लावायला सांगणार, हे सोपं आहे.

म्हणून आम्ही त्याला असं सांगणार आहोत. काच आणि पत्रा नको. सिमेंट खरवडून काढ, एक अख्खा उन्हाळा भिंत वाळू दे, मग चुन्याचा गिलावा कर. रंग तुला हवा तो दे, पाटी मोठी लाव, दिवे लाव, खिडकीही मोठी कर, फक्त वरच्या तुळईचा भार आधी बघून घे. माळवदाचं पाणी भिंतीपासून लांब पडेल असं पन्हाळ बसव. पत्र्याला आणि काचेला जो खर्च येणार होता, त्यातला काही दरवर्षीच्या चुन्यासाठी बाजूला ठेव. या दिवाळीआधी शिडी धरायला आम्ही येतो.

तो ऐकेल का, माहीत नाही. घर त्याचं आहे. वह्या मात्र आमच्या चुकीनं गेल्या, एवढं त्याला सांगायचं राहिलं होतं.