‘करते’ की ‘करविते’? : विषाणुविज्ञानाच्या मराठीतील एक क्रियापद

एचआयव्ही-१ या विषाणूचे ‘विफ’ प्रथिन मानवी पेशीतील ‘अपोबेक-३जी’ हे विषाणुरोधी विकर ‘नष्ट करते’, असे वाक्य मराठीत सहज लिहिले जाते. ते सुबोध आहे, यथार्थ नाही.

२००२ साली ओळखले गेलेले हे विकर विषाणूच्या नव्याने घडणाऱ्या डीएनएतील सायटोसिनचे युरॅसिल करते आणि त्याची संहिता बिघडविते. येथे ‘करते’ हेच क्रियापद योग्य होय. कारण ते कार्य विकराचे स्वतःचे आहे. विफ मात्र काहीच तोडीत नाही. एका अंगाने ते विकराला धरते, दुसऱ्या अंगाने पेशीच्याच कलिन-५ या प्रथिनसंघाला. तो संघ विकरावर युबिक्विटिनची खूण जोडतो आणि पेशीचेच प्रोटिअसोम त्याचे तुकडे करते. अर्थात विफ विकराचा नाश करीत नाही, करविते. आपले प्रयोजक रूप हा भेद एका अक्षराने दाखविते.

हा केवळ व्याकरणाचा आग्रह नव्हे. मानवी विकरातील १२८व्या स्थानी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी लायसिन आले की विफची पकड सुटते, असे २००४ साली दिसून आले. औषध शोधणाऱ्याने म्हणून विफमध्ये कात्री शोधू नये, पकड शोधावी. ‘करते’ म्हणणारा अभ्यासक नसलेल्या कात्रीच्या शोधात राहील.