ड्यूटी : कोणाचे देणे, कोणाला?

आमच्या वस्तीत ‘ड्यूटी’ हा शब्द कोणालाच परका वाटत नाही. वडील रेल्वेत गँगमन होते. संध्याकाळी घरी येऊन “सुटली ड्यूटी” म्हणत, तेव्हा त्यांच्या आवाजात मोकळेपण असे. आजोबांनी गावची महारकी केली. ती ‘सुटली’ असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. हा फरक समजून घ्यावा म्हणून मी शब्दाच्या मुळाशी गेलो.

लॅटिनमध्ये ‘देबेरे’ म्हणजे देणे लागणे. फोड केली तर दुसऱ्याचे काही आपल्यापाशी असणे. त्यापासून फ्रेंचमार्गे ‘ड्यू’ आणि ‘ड्यूटी’ हे शब्द इंग्रजीत आले. कर्जाला म्हणतात तो ‘डेट’ही त्याच मुळाचा. आयात मालावरचा करही ड्यूटीच. म्हणजे या शब्दाच्या पोटात हिशोब आहे. देणे असेल तर आधी काही घेतलेले असले पाहिजे.

आता आपले ‘कर्तव्य’ पाहा. ‘कृ’ धातूपासून झालेला हा शब्द : जे करावयाचे ते. कोणासाठी, कशाच्या बदल्यात, हे तो सांगत नाही. ती रिकामी जागा वर्णव्यवस्थेने ‘स्वधर्मा’ने भरली आणि जन्म हेच कारण ठरवले. आपल्याकडे ऋणाची कल्पना नव्हती असे नाही. तैत्तिरीय संहिता ब्राह्मणाला ऋषी, देव आणि पितर यांचा जन्मतः ऋणी मानते. ज्यांच्या श्रमावर गाव उभे राहिले त्यांचे ऋण मात्र त्या यादीत नाही.

महार वतनात काय मिळे? थोडी इनाम जमीन, बलुते, नाममात्र पैसा. त्या बदल्यात रात्री-अपरात्री हाक आली की जायचे. एक नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. कामे ठरवा, मोबदला ठरवा, ही त्यातली मागणी म्हणजे हिशोबाचीच मागणी होती. ही वतने नष्ट करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडले.

आज विद्यार्थ्यांकडून मूलभूत कर्तव्ये पाठ करून घेतली जातात. मूळ संविधानात ही यादी नव्हती. १९७६ साली, आणीबाणीत, ४२व्या घटनादुरुस्तीने ती आली. त्याच वर्षी वेठबिगारी नष्ट करणारा कायदाही झाला. त्याने वेठबिगाराच्या डोक्यावरचे कर्जच रद्द केले आणि त्यापायी राबण्याचे बंधन तोडले. ड्यूटीचा खरा अर्थ मला त्या यादीपेक्षा या कायद्यात अधिक नेमका सापडतो.

संविधानाचे देणे मी मानतो, कारण त्याने मला काय दिले हे मला सांगता येते. म्हणून कोणी कर्तव्य शिकवायला आला तर आपण आधी विचारावे : आम्ही काय घेतले, कोणाकडून घेतले? ज्याचा हिशोब दाखवता येत नाही, त्या कामाला आमच्या गावात वेठ म्हणत.